सर्जरीतलं रिसर्च आणि आपण: ओपीडीत, कट्ट्यावर आणि व्हॉट्सॲपवर हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवतो. दरवर्षी नवीन रेसिडेंट्स (सर्जरी शिकायला आलेले डॉक्टर) आले की तेच प्रश्न येतात, नातेवाईकांच्या लग्नात गेलो तरी येतात, आणि परवा एका पेशंटच्या मुलाने तर सरळ विचारलं की डॉक्टर तुम्ही आमच्या बाबांवर प्रयोग करताय का. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवलं तसं.

सर्जरीत रिसर्च म्हणजे नवीन ऑपरेशन शोधून काढणं ना?

क्वचित. बहुतेक वेळा ते "आपण रोज जे करतोय त्याचा खरंच उपयोग होतो का" एवढंच तपासणं असतं. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवायचा की नाही, अँटिबायोटिक एक डोस की पाच दिवस, हर्नियाची जाळी महागाची की स्वस्तातली, असले साधे प्रश्न. औषधाच्या कंपनीला असल्या प्रश्नांत रस नसतो कारण उत्तर "काही फरक पडत नाही, स्वस्तातलं वापरा" असं आलं तर कोणाचंच दुकान चालत नाही. आणि गंमत म्हणजे आपल्यासारख्या देशाला सगळ्यात जास्त गरज नेमकी ह्याच उत्तरांची आहे.

आपल्याकडे हे सगळं परदेशातूनच आलंय का?

उलटंही झालंय. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पत्र छापून आलं, कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याबद्दल. तो इंग्रजांच्या सैन्यात होता, टिपूच्या लोकांनी पकडून नाक कापलं होतं, आणि पुण्याकडच्या एका वैद्याने, जो डॉक्टर नव्हता, कपाळाची कातडी फिरवून त्याला नवीन नाक बसवून दिलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनला तेच ऑपरेशन करून दाखवलं, १८१६ मध्ये पुस्तक छापलं. म्हणजे हातातली कला आपल्याकडची आणि लिहून ठेवण्याची सवय त्यांची. त्या पुण्याच्या माणसाचं धड नावही कुणी नोंदवलं नाही, मला ह्याचं वाईट वाटतं.

त्यानंतरचं म्हणाल तर गोव्यात शिरोड्याला जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर. गर्भपिशवीचं तोंड सैल पडून वारंवार मूल पडतं त्यासाठीचा त्यांचा टाका १९५५ मध्ये छापला गेला आणि आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मग सध्या ट्रेंड काय आहे? नेमकं काय बदललं?

पूर्वी पेपर म्हणजे "आमच्या युनिटमध्ये इतक्या वर्षांत इतक्या केसेस केल्या, रिझल्ट छान आले". एकच हॉस्पिटल, एकच सर, मागे वळून केसपेपर चाळायचे. तसले अजूनही निघतात, भरपूर निघतात. पण गेल्या पंधराएक वर्षांत तीन गोष्टी ठळक दिसतायत.

एक म्हणजे अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेले अभ्यास. कोव्हिडच्या काळात कोव्हिडसर्ज नावाच्या गटाने ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांवर पेशंटची माहिती गोळा करून सांगितलं की शक्य असेल तर इन्फेक्शननंतर सात आठवडे ऑपरेशन पुढे ढकला. ह्याच गटाच्या दुसऱ्या एका पेपरवर १५,०२५ लेखक होते, गिनीजमध्ये नोंद झाली. त्यात भारतातले कितीतरी रेसिडेंट होते ज्यांनी नाइट ड्यूटी संपल्यावर फॉर्म भरले.

दुसरं, प्रश्न बदलले. २०१५ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांगितलं की जगातल्या ५०० कोटी लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी सर्जरी मिळत नाही, आणि वर्षाला होणाऱ्या ३१ कोटींवर ऑपरेशनांपैकी जेमतेम ६ टक्के सगळ्यात गरीब देशांत होतात. त्यानंतर "किती छान ऑपरेशन केलं" ह्यापेक्षा "पेशंट टेबलापर्यंत पोचतो का, आणि बिल भरून घरी गेल्यावर त्याची म्हैस तरी शिल्लक राहते का" हाही रिसर्चचा विषय झाला.

मुंबईतच अणुशक्तिनगरच्या वस्तीवर असा छान अभ्यास झालाय. तिथल्या लोकांना बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) योजनेत ऑपरेशन फुकट मिळतं, म्हणजे पैशाअभावी कोणी थांबत नाही, मग गरज खरी किती ते कळतं. उत्तर आलं, एक लाख लोकांमागे वर्षाला ३,६४६ ऑपरेशनं. आयोगाने ५,००० चं टार्गेट धरलं होतं. हा आकडा पुढच्या प्लॅनिंगला कामाचा आहे, कारण तो आपल्या माणसांवरून आलाय.

तिसरी गोष्ट रजिस्ट्री, तिच्याबद्दल खाली लिहितो.

हर्नियाच्या ऑपरेशनला मच्छरदाणी वापरल्याचं ते खरं आहे का? की व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी?

खरं आहे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या सर्जिकल रिसर्चची सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा. तिथले डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर. हर्नियाला, म्हणजे पोटाच्या भिंतीला फट पडून आतडं बाहेर येतं तिथे, जाळी टाकली की परत होण्याचं प्रमाण कमी होतं हे जगाला माहीत होतं, पण जाळीची किंमत शेतमजुराला झेपत नव्हती. आता जाळी बघितली तर काय, पॉलिप्रॉपिलीनचं विणलेलं कापड. आणि बाजारातली नायलॉन म्हणून विकली जाणारी एका प्रकारची मच्छरदाणी बघितली तर पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचं मिश्रण. म्हणजे एकाच घराण्यातली भावंडं. त्यांनी ती स्वच्छ धुऊन, कापून, निर्जंतुक करून वापरली, आणि महत्त्वाचं म्हणजे एकट्याने वापरून गप्प बसले नाहीत, निरनिराळ्या गावांतल्या सर्जन मित्रांना घेऊन मल्टिसेंट्रिक अभ्यास केला आणि २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापला. तुकड्याची किंमत कटिंग चहापेक्षा कमी.

तेव्हा मोठ्या शहरांतल्या लोकांनी नाकं मुरडली. हे कसलं जुगाड, पेशंटच्या पोटात मच्छरदाणी? मग २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये युगांडातली ट्रायल आली, स्वीडनच्या लोकांनी तिथल्या सर्जनबरोबर केलेली. ३०२ पुरुष, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एकाला महागडी कंपनीची जाळी आणि एकाला मच्छरदाणीचं कापड (तेही तामिळनाडूतल्या करूरचं!). वर्षभरानंतर एका गटात एकाला परत हर्निया, दुसऱ्यात कोणालाच नाही, बाकी त्रासात फरक नाही. एका जाळीला शंभर डॉलरच्या वर आणि दुसरीला साधारण एक डॉलर. त्यानंतर नाकं सरळ झाली.

ह्यात मला खटकतं ते एवढंच की कल्पना दोंडाईचाची, कापड करूरचं, आणि ज्या ट्रायलवर जगाने विश्वास ठेवला ती आपल्याकडे झाली नाही. पेशंट आपल्याकडे कमी होते म्हणून नाही, युगांडात त्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त पेशंट वर्षभरानंतर शोधून तपासले म्हणून. सगळी मेख तिथेच आहे.

(आणि हो, घरची मच्छरदाणी कोणी कापून घेऊन येऊ नका. एकदा एक काका खरंच घेऊन आले होते.)

हर्नियासाठीच्या पुण्याच्या देसरडा पद्धतीचं काय?

डॉ. मोहन देसरडा, पुणे. जाळीच नको, पेशंटच्याच पोटाच्या स्नायूच्या पडद्याची पट्टी वापरून दुरुस्ती. २००१ मध्ये त्यांनी ४०० पेशंटचा पेपर युरोपियन जर्नलमध्ये दिला. आणि पुन्हा तीच कथा, नीट तुलना झाली पोलंडमध्ये, २०८ पेशंट, तीन वर्षं फॉलोअप (ऑपरेशननंतर पुन्हा बोलावून तपासणं), २०१२ साली पेपर. जाळीच्या गटात आणि देसरडा गटात परत हर्निया होणारे सारखेच, दोन-दोन. मी स्वतः ती पद्धत काही तरुण पेशंटना करतो, पण हे माझं मत झालं, पुरावा नव्हे.

भारतात मोठ्या ट्रायल झाल्याच नाहीत असं म्हणायचंय का?

नाही नाही. परळच्या टाटा मेमोरियलचं नाव घेतलं नाही तर पाप लागेल.

तोंडाचा कॅन्सर घ्या. तंबाखू, गुटखा, मिश्री, आपल्याकडे केसेसची कमतरता नाही. जीभ किंवा गालाचा छोटा कॅन्सर, मानेत गाठ लागत नाही, तर मान आत्ताच साफ करायची की गाठ आली तर बघू? जगभर ह्यावर वर्षानुवर्षं वाद होता. पाश्चात्त्य देशांत असे पुरेसे पेशंटच नाहीत, आणि आपल्याकडे रांग लागलेली. टाटाने २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं घालून ट्रायल केली, डॉ. अनिल डिक्रूझ आणि टीम. आधीच मान साफ केली त्यातले तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट बघितली त्यातले ६७.५ टक्के. २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली आणि वाद संपला. आता जगात कुठेही हे ऑपरेशन होताना त्यामागे परळच्या वेटिंग हॉलमध्ये चटई टाकून बसलेली माणसं असतात.

दुसरी मला जास्त आवडते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन, हो तेच, दात काढताना देतात ते, टोचायचं. बस. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकारी, ११ भारतीय केंद्रं, सुमारे १६०० बायका. २०२३ मध्ये छापलं. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्या ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६, आणि एकूण जिवंत ९०.१ विरुद्ध ८६.४. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण शंभर रुपयांच्या आत येणाऱ्या औषधाने चार टक्के मिळत असतील तर लाखांची इंजेक्शनं त्याच चार टक्क्यांसाठी भांडतात हे लक्षात घ्या. हिची दुसरीकडे अजून स्वतंत्र खात्री व्हायला हवी असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण प्रश्न किती आपल्याकडचा आहे बघा, कोणतीही कंपनी ह्याला पैसे देणार नव्हती.

आणि कधी कधी "करू नका" हेही उत्तर असतं. कॅन्सर आधीच अंगभर पसरलेला असताना स्तनातली गाठ काढून आयुष्य वाढतं का? ३५० पेशंट, २०१५, टाटाच. नाही वाढत. किती बायकांचं एक ऑपरेशन वाचलं असेल त्याने.

ऑपरेशननंतर टाके पिकतात त्यावर कोणी काही करतंय का?

करतायत, आणि ह्याच विषयात गरीब देशांनी सध्या बाजी मारलीय.

आधी मोजलं. ग्लोबलसर्ज गटाने ६६ देशांतल्या ३४३ हॉस्पिटलांत १२,५३९ पेशंट बघितले, २०१८ मध्ये छापलं. पोटाच्या ऑपरेशननंतर जखमेत इन्फेक्शन श्रीमंत देशांत ९.४ टक्के, मधल्यांत १४, गरीब देशांत २३.२. म्हणजे चौघांत एकाचे टाके पिकतात म्हणा ना.

मग दोन मोठ्या ट्रायल झाल्या, दोन्हींत भारत होता, लुधियानाचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आपल्याकडचं मुख्य केंद्र. पहिली फाल्कन, २०२१, सात देश, ५,७८८ पेशंट. प्रश्न असा की महागातलं क्लोरहेक्सिडीनचं स्पिरिट आणि औषध लावलेले धागे वापरले तर फायदा होतो का. आंतरराष्ट्रीय गाइडलाइन म्हणत होत्या की वापरा. उत्तर आलं, साध्या बीटाडीन आणि साध्या धाग्यापेक्षा काही सरस नाही. मला तो दिवस आठवतो, आमच्या स्टोअरकीपरला मी चहा पाजला, कारण तो कित्येक वर्षं तेच सांगत होता.

दुसरी चीता, २०२२, त्याच सात देशांत, १३,३०१ पेशंट. पोट बंद करायच्या आधी सगळ्यांनी ग्लोव्हज बदलायचे आणि नवीन स्टराइल इन्स्ट्रुमेंट्स घ्यायची. एवढंच. इन्फेक्शन १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. कुठली कंपनी नाही, रोबोट नाही, दोन जोड ग्लोव्हज आणि एक वेगळा छोटा सेट. आमच्या ऑपरेशन थिएटरात हे सुरू करायला तरी आठ महिने गेले, सेट कमी, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं मशिन) एकच चालू, सिस्टर म्हणतात सर इमर्जन्सीला काय देऊ. पुरावा आणि प्रत्यक्ष ह्यातलं अंतर हे असं ऑटोक्लेव्हच्या साइजचं असतं.

मग सगळीच कॉलेजं असं काम का करत नाहीत?

डॉ. समीरन नंदी हे दिल्लीतले पोटाच्या ऑपरेशनांचे सर्जन. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला. २००५ ते २०१४ ह्या दहा वर्षांत भारतातल्या ५७९ मेडिकल संस्थांपैकी ३३२ संस्थांनी, म्हणजे ५७ टक्क्यांनी, एकही पेपर छापला नाही. एकही! आणि देशातलं ४० टक्के काम फक्त २५ संस्थांतून.

लोक ह्यावर लगेच म्हणतात डॉक्टर आळशी आहेत. या एकदा आमच्या सोमवारच्या ओपीडीला. दुपारी दोनपर्यंत दोनशे पेशंट, मग राउंड, मग रात्रभर इमर्जन्सी, अपेंडिक्स फुटलेलं, ट्रॅक्टरखाली आलेलं, विहिरीत पडलेलं, ह्यात डेटा कोण भरणार? एक रिसर्च नर्स, एक डेटाचा माणूस, आठवड्यातले चार तास मोकळे, एवढं दिलं तरी चित्र बदलतं, पण पोस्ट मंजूर होत नाहीत. शिवाय केसपेपर. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एकदा पावसाचं पाणी शिरलं आणि दोन वर्षांचे केसपेपर लगदा झाले, तीन रेसिडेंटच्या थीसिससकट.

रजिस्ट्री म्हणजे काय ते सांगणार होता ना?

हो. रजिस्ट्री म्हणजे ठरावीक आजाराच्या प्रत्येक पेशंटची ठरावीक माहिती न चुकता लिहिणं. अपघाताच्या पेशंटसाठी २०१३ च्या सुमारास टिटको नावाची रजिस्ट्री सुरू झाली, मुंबईचं सायन आणि केईएम, दिल्लीचं ट्रॉमा सेंटर, कोलकात्याचं एसएसकेएम. बीएआरसी हॉस्पिटलचे डॉ. नोभोजित रॉय त्यात पुढे होते. सर्जन स्वतः लिहीत नव्हते, वॉर्डात नेमलेली माणसं शिफ्टमध्ये बसून लिहीत होती, म्हणूनच ती पुरी झाली. ११,२०२ पेशंटच्या हिशोबात कळलं की दाखल झालेल्या दर पाचातला एक, म्हणजे २१.४ टक्के, तीस दिवसांत दगावतो. तोपर्यंत सगळ्यांना अंदाज होता, आकडा कोणाकडे नव्हता.

फॉलोअप का होत नाही? फोन तर सगळ्यांकडे आहेत.

माझीच गोष्ट सांगतो. माझा थीसिस हर्नियावर होता. साठ पेशंट, एक वर्ष फॉलोअप असं सिनॉप्सिसमध्ये (आधी द्यायच्या आराखड्यात) ऐटीत लिहिलं होतं. ऑपरेशनं झाली उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, कारण ऊसतोड नसते तेव्हा माणसं ऑपरेशनला येतात. दसरा-दिवाळी झाली आणि अर्धे पेशंट कोयता घेऊन ऊसतोडीला गेले, कोण सांगलीला, कोण कर्नाटकात. फोन मुकादमाचा, तोही बंद. वर्षाअखेर माझ्याकडे एकवीस पेशंट राहिले. गाइड म्हणाले लिहून टाक की बाकीच्यांना त्रास नाही, त्रास असता तर आले असते. मी तसंच लिहिलं. त्या वाक्याची आजही लाज वाटते, कारण ज्याला परत हर्निया झाला तो आमच्याकडे कशाला येईल, तो दुसरीकडे जाईल नाहीतर पट्टा बांधून ऊस तोडत राहील.

आता आम्ही तीन नंबर घेतो, पेशंटचा, शेजाऱ्याचा, आणि गावातल्या आशाताईंचा. आणि फॉलोअपच्या तारखा हंगाम बघून ठरवतो, कारखाने बंद होऊन माणसं परतली की एप्रिल-मे मध्ये. हे कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात सापडणार नाही.

सर मी जेआर वन (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) आहे, थीसिसचा विषय कुठला घेऊ? पटकन होईल असा सांगा.

पटकन होईल असा म्हणजे "अमुक आजाराचा टर्शरी केअर हॉस्पिटलमधला अभ्यास, ५० केसेस" हाच ना? लायब्ररीत त्याच नावाचे बारा थीसिस आहेत, धूळ झटकून बघ.

मी सांगतो तसं कर. दोन आठवडे वॉर्डात फिरताना खिशात छोटी वही ठेव. जिथे दोन लेक्चरर वेगवेगळं सांगतात ते लिहून ठेव. ह्या सर म्हणतात टाके सातव्या दिवशी काढ, त्या मॅडम म्हणतात दहाव्या. हे सर सगळ्यांना नळी टाकतात, ते कोणालाच नाही. तुझा विषय तिथे आहे. मग बघ असे पेशंट तुमच्या युनिटला महिन्याला किती येतात, त्याच्या निम्मे धर, आणि त्यात बसेल एवढाच प्रश्न घे. स्टॅटिस्टिक्सच्या माणसाकडे आधी जा, मास्टरचार्ट (सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता) भरून झाल्यावर नाही, तेव्हा तो फक्त पोस्टमॉर्टेम करू शकतो.

फॉलोअप तीस दिवसांचा ठेव. तीस दिवस जमतात.

एथिक्स, रजिस्ट्रेशन वगैरे फॉर्मॅलिटी किती?

एथिक्स कमिटीची परवानगी पहिला पेशंट घ्यायच्या आधी, नंतरची तारीख टाकून नाही. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंद, फुकट आहे, २००७ पासून चालू आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते, मागाहून घेत नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चेन्नईच्या संस्थेचा बेसिक रिसर्चचा ऑनलाइन कोर्स तसाही सक्तीचा आहे, व्हिडिओ चालू ठेवून झोपू नका, त्यातलं सॅम्पल साइजचं लेक्चर खरंच चांगलं आहे.

एका जर्नलचा मेल आलाय, "रिस्पेक्टेड प्रोफेसर", चार दिवसांत छापतो म्हणतायत, पाठवू का?

नको. चार दिवसांत पेपर वाचून होत नाही, पैसे मोजून होतात.

हे पीक आलं कुठून ते समजून घ्या. प्रमोशनला पेपर सक्तीचे केले, वेळ आणि माणसं दिली नाहीत, मग बाजार उभा राहिला. पैसे देऊन छापणारे, पैसे देऊन लिहून देणारे, आणि आता चॅटजीपीटीकडून लिहून घेणारे, ज्यात संदर्भच अस्तित्वात नसतात. मी एका थीसिसचा परीक्षक होतो, त्यात असा संदर्भ होता जो मीच लिहिलाय म्हणे. मला आठवेना. शोधला तर असा पेपर नाहीच.

चांगलं जर्नल म्हणजे परदेशीच असंही नाही. केईएमच्या स्टाफ सोसायटीचं जर्नल १९५५ पासून निघतंय. आणि वाचायचं म्हणाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन ह्या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी संस्थांना १३,००० च्या आसपास जर्नल्स मिळायला लागली, जानेवारी २०२५ पासून. खाजगी कॉलेजवाले मात्र पहिल्या टप्प्यात बाहेरच राहिले.

पुढचा जमाना रोबोट आणि एआयचा ना?

असेल. देशी रोबोटही आलाय. पण आमच्या जिल्ह्यात भूल देणारा डॉक्टर मिळण्याची अडचण आहे, रोबोट भूल देत नाही.

मला जास्त रस आहे तो गॅसलेस लॅपरोस्कोपीत. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो, त्यासाठी पूर्ण भूल, सिलिंडर, महागडी मशिन्स. त्याऐवजी पोटाची भिंत एका आकड्याने वर उचलून धरायची आणि कमरेतल्या इंजेक्शनवर ऑपरेशन. डॉ. जे. ज्ञानराज आणि ग्रामीण सर्जन मंडळी हे ईशान्य भारतात करत होती, मग दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजात १०० पेशंटची रीतसर ट्रायल झाली, २०२० मध्ये छापली, नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. शंभर म्हणजे लहानच, पण आधी खेड्यात सुचलं आणि मग कॉलेजात तपासलं, हा उलटा प्रवास मला फार आवडतो.

परदेशी युनिव्हर्सिटी बोलावते तेव्हा जावं का?

जावं, पण आधी विचारावं की प्रश्न कोणी ठरवला, डेटा कोणाकडे राहणार, आणि पेपरवर आपलं नाव कुठे. पेशंट आमचे, रक्त आमचं, आणि आमचं नाव शेवटी आभारात, असं पूर्वी फार झालंय. बाहेरचा पैसा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगी लागते, तिला वेळ लागतो, तेव्हा विमानाचं तिकीट आधी काढू नका.

माझ्या वडिलांना "स्टडीत घेतो" म्हणाले. प्रयोग करतायत का? नाही म्हटलं तर हाकलून देतील का?

नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे आणि नाही म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, मध्येच बाहेरही पडता येतं. सही करायच्या आधी चार गोष्टी विचारा. दोन उपचारांत फरक काय? मला कुठला मिळणार ते कोण ठरवणार? जास्तीचा खर्च कोणाचा? आणि काही बिघडलं तर फोन कोणाला करायचा?

मराठी कन्सेंट फॉर्म वाचून काही कळत नसेल तर चूक तुमची नाही. आमच्या फॉर्मात "यादृच्छिकीकरण" असा शब्द होता, मलाच तीनदा वाचावा लागला. एका आजींना मी म्हटलं, आजी, दोन्ही औषधं चांगली आहेत पण जास्त चांगलं कुठलं ते आम्हालाच माहीत नाही, म्हणून चिठ्ठी टाकून ठरवणार. त्या म्हणाल्या, "मग तसं सांग की बाबा, डॉक्टरला माहीत नाही म्हणून." आणि अंगठा दिला. पुढच्या वेळी फॉर्म बदलताना आम्ही कमिटीसमोर "चिठ्ठी टाकून" हाच शब्द ठेवला, तो मंजूर झाला.

मी तालुक्याला स्वतःचं वीस बेडचं हॉस्पिटल चालवतो, माझ्याकडून काय होणार?

दोंडाईचा तालुक्याचंही ठिकाण नाही हो. एक्सेलची एक शीट उघडा, तारीख, वय, ऑपरेशन, किती वेळ लागला, टाके पिकले का, तीस दिवसांनी फोन केला का, एवढे सहा कॉलम. प्रत्येक पेशंट भरा, ज्यांचं बिघडलं ते आधी भरा. वर्षभराने तुमच्याकडे जे असेल ते आमच्या कॉलेजकडे आत्ता नाहीये. ती शीट घेऊन या, दोनचार तालुक्यांचे असे चारपाच जण मिळाले तर एकत्र बसू. सोमवार सोडून कधीही.